एमडीआर टीबी: सहा महिने, नऊ महिने की अठरा?

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या थुंकीच्या जनुकीय तपासणीच्या अहवालात रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला प्रतिकार निघाला (म्हणजे ते जंतूंवर चालत नाही; मग एमडीआर, अर्थात अनेक औषधांना न जुमानणारा टीबी धरून चालतात) की उपचारांचे मुख्यतः तीन पर्याय उरतात: सहा महिन्यांचा बीपाल्म, नऊ ते अकरा महिन्यांचा आणि अठरा ते वीस महिन्यांचा. पुढचा प्रश्न एकच, फ्लुरोक्विनोलोन (मॉक्सिफ्लॉक्सासिनसारख्या औषधांचा गट) लागू पडतंय का? त्यासाठी थुंकी एलपीएला (प्रतिकार शोधणाऱ्या आणखी एका जनुकीय तपासणीला) पाठवायचीच, पण त्या अहवालासाठी बीपाल्म खोळंबू नये.

बीपाल्ममध्ये चारच औषधं. बेडाक्विलिन दोन आठवडे रोज ४०० मिग्रॅ, मग आठवड्यातून तीनदा २०० (जेवणासोबत, उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही). रोज प्रेटोमॅनिड २००, लिनेझोलिड ६००, मॉक्सिफ्लॉक्सासिन ४००. टीबी-प्रॅक्टिकल चाचणीत याने ८९ टक्के रुग्णांना गुण आला, जुन्या उपचारांनी ५२ टक्क्यांना. भारतात सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. फ्लुरोक्विनोलोनला प्रतिकार निघाला तर मॉक्सी वगळून उरलेली तीन चालू ठेवतात. कल्चर (थुंकीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी) उशिरा निगेटिव्ह झालं तर उपचार ३९ आठवड्यांपर्यंत.

खरी डोकेदुखी लिनेझोलिडची. निक्स-टीबी चाचणीत रोज १२०० मिग्रॅ दिलं तेव्हा ८१ टक्के जणांना नसांचा त्रास झाला. झीनिक्स चाचणीत ६०० वर तो २४ टक्क्यांवर आला आणि यश ९१ टक्के राहिलं. म्हणून पायाला मुंग्या, रंग फिके दिसणं, हिमोग्लोबिन उतरणं हे लगेच सांगावं. डोस कमी करायला वाव असतो, पण शक्यतो पहिले नऊ आठवडे उलटल्यावर.

गरोदर स्त्री आणि चौदा वर्षांखालील मुलांना बीपाल्म नको. त्यांच्यासाठी नऊ महिन्यांचा मार्ग पाहतात, पण आजार फार पसरलेला नसेल आणि फ्लुरोक्विनोलोन चालत असेल तरच. यात गोळ्या खूप. इथिओनामाइडने मळमळ होते आणि गरोदरपणात ते टाळून दोन महिने लिनेझोलिड देतात. मेंदूच्या, हाडांच्या टीबीला मात्र अठरा ते वीस महिन्यांचा लांबचाच पल्ला. त्यात क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते.

बेडाक्विलिन असेल तिथे ईसीजी सुरुवातीला, दोन आठवड्यांनी आणि मग दर महिन्याला. क्यूटीसी (ईसीजीवरचं हृदयाच्या ठोक्याचं एक माप) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं की थांबावं लागतं. उलटीवर ऑन्डान्सेट्रॉन किंवा खोकल्यावर अझिथ्रोमायसिन परस्पर आणू नये, दोन्ही क्यूटी वाढवतात.

कंटाळून सगळी औषधं एकदम सोडली तर इतर काही दिवसांत शरीरातून जातात, बेडाक्विलिन मात्र महिनोन् महिने थोडं थोडं एकटंच उरतं. जंतू त्याला सरावतात, आणि बऱ्याचदा त्यासोबत क्लोफाझिमिनही निकामी होतं.