शॉट टायमर, वडिलांची दुनळी आणि अथणीचा पट्टा: एक पावसाळा काढल्यावर

शेवटी बझर गेला. पूर्ण गेला असता तर परवडलं असतं, पण हा अर्धवट गेला, म्हणजे कधी वाजतो, कधी नुसता खरखरतो, तर कधी स्क्रीनवर आकडे पळायला लागतात आणि आवाज मात्र शून्य. शॉट टायमरला कामं दोनच, पीप करून ‘चल’ सांगायचं आणि बार उडाला की वेळ नोंदवायची. त्यातलं पहिलंच बंद पडल्यावर साडेअकरा हजाराची ती डबी घेऊन मी अंगणात उभा, आणि आई आतून ओरडतेय, “अरे काय करायलायस तिथं एकटाच?” काय सांगणार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अलीकडचा. आमच्या भागात बंदूक म्हणजे रानडुकरं आणि पीक संरक्षणाचा परवाना, खेळ वगैरे कुणाच्या डोक्यात नसतं. आमची बारा बोअरची दुनळी वडिलांची. परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली की वारसाच्या नावावर करायला अर्ज देता येतो, तसा दिला, कन्नडमधले फॉर्म, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस, पोलीस रिपोर्ट, सगळं झालं. नंतर क्लबचं पत्र जोडून खेळासाठीचीही नोंद करून घेतली. हे आधी करा. नुसत्या पीक संरक्षणाच्या कागदावर सराव म्हणून शेतात बार काढत बसलात तर परवाना जाईल, आणि जायलाच पाहिजे.

ऑगस्ट 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतल्यापासून भेटेल तो विचारतो, रायफल का नाही रे? प्रश्न बरोबर आहे, कोल्हापूर आम्हाला जवळ, तेजस्विनी सावंत, पिस्तुलातली राही सरनोबत, सगळे नेमबाज तिकडचेच. पण रायफलला श्वास रोखून निवांत उभं राहणारी माणसं लागतात, माझा तो पिंड नाही. मला घड्याळाशी भांडायला आवडतं. स्पीड शॉटगनमध्ये आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मॅचचा रस्ता आहे, तिथं गुणांना वेळेनं भागून हिट फॅक्टर काढतात, पण त्यात बहुतेकांकडे मॅगझिनवाली सेमी ऑटो असते, हातानं पंप ओढायच्या बंदुकांसाठी वेगळा गट. दुनळीचा तिथं निभाव लागणं कठीण. मग सापडला अमेरिकेतला काउबॉय प्रकार, 1987 पासून त्यांची एसएएसएस नावाची संस्था आहे. तिथं जुन्या धाटणीची शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी चालते, अट एवढीच की उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर फेकणारे इजेक्टर नकोत. आमच्या बंदुकीला इजेक्टर नाहीतच! वडिलांनी जे स्वस्तात घेतलं ते तिकडं नियमात बसतं, हे वाचून मी जो खूष झालो ते विचारू नका.

त्यांच्या पूर्ण मॅचला दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर रायफल आणि एक शॉटगन लागते, म्हणजे आपल्याला ते विसरा, शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर साध्या परवान्यावर दोनच हत्यारं. मी फक्त शॉटगनचा तुकडा उचलला. बंदूक टेबलावर उघडी आणि रिकामी, पीप वाजला की उचलायची, दोन काडतुसं भरायची, दोन पाट्या पाडायच्या, पुंगळ्या झटकायच्या, परत दोन, परत पाट्या. पाटी चुकली तर पडेपर्यंत मारता येतं, फक्त घड्याळ थांबत नाही. आमच्या भागात अशी मॅच कोणी भरवत नाही, क्लबवर क्ले (उडत्या तबकड्यांवरचा नेम) झाल्यावर आम्ही तिघं-चौघं लोखंडी पाट्या मांडून आपसात खेळतो, तीच आमची मॅच.

टायमर घेतला आणि 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा. स्क्रीनिंग कमिटीकडं अर्ज करून काहींना सूट मिळते म्हणे, मला मिळाली नाही. आमचं मतदान 7 मे ला झालं तरी निकाल 4 जूनला, तोपर्यंत बंदूक तिथंच. (कोडगूच्या कोडव लोकांना परवान्यातूनच सूट आहे, कैलपोळ्दला ते नारळावर नेम धरतात. आपण आपलं पावती घेऊन घरी यायचं.) मग मी प्लंबिंगच्या पाइपचे दोन तुकडे शेजारी-शेजारी बांधले आणि त्यात काडतुसं टाकायचा सराव केला. हसू नका, पट्ट्यातून दोन काडतुसं एका चिमटीत काढून दोन्ही भोकांत एकदम सोडायची, हा या खेळाचा अर्धा भाग आहे आणि त्याला बंदूक लागत नाही. पार टाइम, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, चार सेकंदावर लावायचा, एक पीप सुरुवातीला, दुसरा संपताना, त्याच्या आत हात पोचला तर पाव सेकंद कमी करायचा. या कामाला टायमर एक नंबर. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते.

बंदूक परत आल्यावर मत जरा उतरलं. कोरड्या सरावात, म्हणजे काडतूस न भरता, घोडा पडल्याचा टक् आवाज बारीक असतो, तो टिपायला माइकची सेन्सिटिव्हिटी टोकाला न्यावी लागते, आणि तशी नेली की बंदूक मिटतानाचा खटकासुद्धा हा बार म्हणून नोंदवतो. दोन बार काढायचे आणि स्क्रीनवर चार दिसतात. एकदा कुकरची शिट्टी पण मोजलीय यानं. कोरड्यात त्यामुळं आकडे बघूच नका, फक्त पार टाइम वापरा. रेंजवर उलट, सेन्सिटिव्हिटी खाली आणायची, नाहीतर शेजारच्या लेनचे बार आपल्या खात्यात.

आता बझर. यावर मी जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तर पुढं जा. कुठलाही टायमर विकताना माइक किती चांगला, किती बार लक्षात ठेवतो, ब्लूटूथ आहे का, हेच सांगतात. बझर किती मोठा वाजतो ते कोणी लिहीत नाही. बारा बोअरचा बार कानाशी 150 डेसिबलच्या वर जातो, 140 लाच कानाला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळं कानांवर मफ (आवाज अडवणारी झाकणं) घालणं आलंच. आणि मफ घातल्यावर या डबीचा पीप नवा असतानासुद्धा मला धड ऐकू येत नव्हता! कमरेला लावला तर पट्ट्याखाली दबतो, मागं मित्राच्या हातात दिला तर त्याच्या बोटाखाली बझरचं भोक. अंदाजानं सुरू करावं तर त्यात अर्थ नाही, कारण बटन दाबल्यावर एक ते चार सेकंदात कधीही वाजणं, हीच तर टायमरची खरी गंमत आहे. कधी वाजणार माहीत नसतं म्हणून अंग तयार राहतं. मित्रानं तोंडानं ‘हं’ म्हटलं तर आपण त्याच्या श्वासावरूनच ओळखतो आणि आधीच हलतो. म्हणजे ज्या एका भागासाठी पैसे मोजले तोच भाग सगळ्यात हलका लावलेला, वीस-पंचवीस रुपयांची पिझो बझरची चकती असेल.

फुकटचं अ‍ॅप का नाही, असं विचारणारे असतात. वापरलं. घरात पार टाइमला अ‍ॅप उत्तम, खरं सांगायचं तर तिथं फरक काहीच नाही. पण रेंजवर शॉटगनच्या आवाजानं फोनचा माइक गुदमरतो, आणि पत्र्याच्या शेडखाली उभं राहिलं की एकाच बाराचे दोन-तीन प्रतिध्वनी वेगळे बार म्हणून येतात. खऱ्या टायमरमध्ये एक बार नोंदवल्यावर माइक क्षणभर कान बंद ठेवतो, तिथं याचे पैसे वसूल आहेत.

पावसाळ्यात बझर खरखरायला लागला. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, इथं कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. विकणाऱ्याला मेसेज टाकला, बिल, फोटो, व्हिडिओ सगळं. उत्तर आलं, “सर, मॉइश्चर डॅमेज वॉरंटीत बसत नाही.” मी म्हटलं, अहो ही मैदानात वापरायची वस्तू, मैदानात ओलावा असणारच, आणि मी पावसात नेलाच नाही, कपाटात होता. परत तेच. मग म्हणाले पाठवून द्या, बघतो. कुरिअर माझ्या खर्चानं. जवळजवळ महिन्यानं तसाच परत आला, आत चिठ्ठी ‘टेस्टेड ओके’. चालू केला, खर्रर्र. येतानाच्या कुरिअरचे पैसे पण माझ्याकडूनच घेतले! पैसे गेल्यापेक्षा त्या ‘ओके’चा राग जास्त.

तेवढ्या काळात अ‍ॅपवर भागवलं आणि डमीकडं, म्हणजे सरावाच्या खोट्या काडतुसांकडं, लक्ष दिलं. जुन्या दुनळीचा घोडा रिकाम्या चेंबरवर पाडत बसू नका, फायरिंग पिन तुटू शकते, स्नॅप कॅप (पिनचा मार झेलणारं खोटं काडतूस) घ्याच. पण अ‍ॅल्युमिनियमच्या स्नॅप कॅप इतक्या गुळगुळीत असतात की बंदूक उघडून मागं हिसका दिला की सुळ्ळकन बाहेर, आपल्याला वाटतं आपण लई भारी. रेंजवर उडालेली पुंगळी चेंबरच्या भिंतीला फुगून बसते, हिसका दिला तर एक पडते, दुसरी अडकते, मग नखानं ओढा, तेवढ्यात समोरच्याच्या पाट्या संपल्या. काउबॉयवाले विंचेस्टर एए पुंगळ्यांच्या मागं उगाच नसतात, त्यांच्या अंगावर रेघा असतात, त्या सुटतात पटकन. आपल्याला मिळतं ते खडकीचं शक्तिमान, त्यावरच शिकायचं. चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर बसतो, तो ब्रशनं प्रत्येक वेळी काढला तर अडकणं निम्म्यावर येतं. कानशीनं घासायच्या भानगडीत पडू नका, परवानाधारक गनस्मिथकडं न्या.

तिथं नेलीत की चेंबर किती लांबीचा ते पण मोजून घ्या. जुन्या बऱ्याच दुनळ्या 65 मिलिमीटरच्या असतात आणि 70 चं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण 70 हे माप उडून उघडलेल्या पुंगळीचं. उघडायला जागा मिळाली नाही की दाब भलताच वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं इथं नाही. आमची 70 ची निघाली, पण कळेपर्यंत मी एक बार काढला नाही.

भरायच्या सरावाला स्नॅप कॅप हलक्या पडतात. भरलेलं काडतूस 45 ग्रॅमच्या आसपास, चिमटीला त्या वजनाची सवय पाहिजे. मी उडालेल्या पुंगळ्यांत वाळू भरून तोंड मेणानं बंद केलं, बुडाचं मेलेलं प्रायमर काढून तिथं सिलिकॉन, वरून लाल रंग. खर्च जवळपास काही नाही. नवीन काडतुसं घेताना आमचा दुकानदार रिकाम्या पुंगळ्या मागतो, त्याला आधी विचारा. आणि खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. सरावाच्या खोलीत एकही नको, हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे.

झटकण्याबद्दल अजून एक. मागं हिसका देताना नळ्यांची तोंडं आपोआप आभाळाकडं नाहीतर बाजूला वळतात. काउबॉयवाल्यांत समोरच्या 170 अंशांच्या बाहेर तोंड गेलं की त्या स्टेजमधून (मॅचच्या त्या फेरीतून) बाद, आमच्यात आम्ही तो पूर्ण दिवस बाद ठरवलाय. बंदूक भरताना बोट चापाच्या कड्याबाहेर. टायमर हातात आल्यावर माणूस पाव सेकंदासाठी हे विसरतो, मी रेंजवर एकेकाला बघितलंय.

आणि आता ज्याची काहीच अपेक्षा नव्हती ते, पट्टा. बाहेरून मागवायचा म्हटलं तर टायमरएवढी किंमत. मावशीच्या गावाला, अथणीला, गेलो होतो, तिथं घरोघरी कोल्हापुरी चपला बनतात, 2019 ला जीआय मिळालं त्यात बेळगाव जिल्हा पण आहे. एका म्हाताऱ्या कारागिराला डमी दाखवून म्हटलं, “काका, असे जोडीनं बसले पाहिजेत, दोन बोटं मध्ये गेली पाहिजेत, आणि ओढलं की दोन्ही एकदम यायला हवेत.” त्यांनी डमी हातात फिरवली, म्हणाले, “नवं कातडं घट्ट पकडतंय बघा, दोन महिने लागतील सैल व्हायला, आत्ता सैल केलो तर नंतर गळतील.” चपलेच्याच कातड्याचा, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेला, दुहेरी शिलाई. नऊशे रुपये. पहिले दोन महिने खरंच घट्ट होता, मी मनातल्या मनात शिव्या पण घातल्या. आता काडतूस हातात येतं आणि पळताना एकही पडत नाही. एक दोष, काडतुसं त्यात ठेवून दिली की पितळेवर हिरवं चढतं, या कातड्याचा तो गुणच आहे. सराव झाला की काढून ठेवायची.

टायमर शेवटी बेळगावात खडे बाजारात एका मोबाईल रिपेअरवाल्या पोराकडं नेला. त्यानं उघडून दाखवलं, बझरच्या पितळी चकतीवर हिरवट गंज आणि एक वायर नुसती टेकलेली. चकती बदलली, दुसरी जरा मोठी बसवली, भोक रुंद केलं, दीडशे रुपये. आता इतका वाजतो की मफमधून ऐकू येतो आणि शेजारचा कुत्रा भुंकतो. ‘टेस्टेड ओके’वाल्यांना व्हिडिओ पाठवलाय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

आकडे सांगतो. पहिल्यांदा मोजलं तेव्हा दोन बार, भरणं, परत दोन बार याला मला अकरा सेकंदांच्या वर लागायचे. आता सातच्या आसपास येतो, पुंगळी अडकली नाही तर. त्यातले दोन बारांमधले स्प्लिट सुरुवातीपासून तेवढेच आहेत, जो काय वेळ कमी झाला तो सगळा भरण्यातला. हे मला टायमर नसता तर कधीच कळलं नसतं, मी चाप लवकर ओढायच्या नादात काडतुसं उधळत बसलो असतो, आणि काडतुसांचा वर्षाचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो.

त्यामुळं नवीन सुरू करणाऱ्यानं आधी पट्टा, डमी आणि फुकटचं अ‍ॅप, एवढ्यावर घरात काढावं. रेंजवर नियमित जायला लागल्यावरच टायमर, आणि शक्यतो बॅटरी बदलता येणारा, पॅक्ट कंपनीचा क्लब टायमर 9 व्होल्टच्या साध्या बॅटरीवर चालतो तसा, कारण माझ्या टायमरमधली आतली बॅटरी पण आता चार्जिंगला कुरकुरतेय आणि त्या विकणाऱ्यांशी परत बोलायची माझी तयारी नाही. रिपेअरवाल्या पोराला विचारून ठेवलंय, तो म्हणाला मोबाईलची बारकी बॅटरी बसवून देतो, अडीचशे होतील. मी दोनशे म्हटलंय.