‘दुप्पट सक्शन’चा दावा आणि सात-आठ महिन्यांचा वापर : एका कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनरचा अनुभव

हा कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर मी गेले सात-आठ महिने जवळजवळ रोज वापरत आहे. तो घेण्याचे कारण जाहिरातीतला एक तक्ता होता. त्यात एका रकान्यात हे यंत्र आणि शेजारच्या रकान्यात एका नामांकित प्रतिस्पर्ध्याचे यंत्र, तेही नावानिशी, दाखवले होते. सक्शन दुप्पट, बॅटरी साठ मिनिटांपर्यंत आणि आवाज कमी, असे दावे ठळक अक्षरांत होते. त्यामुळे हे परीक्षण यंत्राचे आहे तितकेच त्या तक्त्याचेही आहे.

यंत्र चांगले आहे. ते हलके आहे, गुळगुळीत फरशीवरची धूळ आणि केस एका फेरीत उचलते, डबा रिकामा करताना हात मळत नाहीत आणि ब्रशमध्ये गुंतलेले केस कात्री न लावता निघतात. फिल्टर धुता येतो, पण तो पुरता वाळायला एक दिवस जातो. जास्तीचा एक फिल्टर सोबत मिळायला हवा होता. आवाजाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती बॅटरी आणि सक्शनच्या दाव्यांबद्दल. बॅटरी साठ मिनिटे चालते हे खरे, पण सर्वांत कमी वेगावर आणि मोटरवर फिरणारा ब्रश न जोडता. गालिचासाठी लागणाऱ्या सर्वाधिक वेगावर ती दहा मिनिटांच्या आसपास संपते. प्रतिस्पर्ध्याच्या रकान्यातला आकडा कोणत्या वेगावरचा होता, हे तक्त्यात कुठेही लिहिलेले नव्हते, आणि दोन्ही आकडे एकाच परिस्थितीतले नसतील तर त्यांना शेजारी बसवण्याला तुलना म्हणता येत नाही.

‘दुप्पट सक्शन’चा दावा अधिक गंभीर आहे. तो पास्कलमध्ये, म्हणजे दाबाच्या एककात दिला होता. कमाल दाब मोजला जातो तेव्हा नळीचे तोंड पूर्ण बंद केलेले असते, आणि तोंड बंद असताना हवा वाहतच नाही. कचरा उचलण्यासाठी मात्र दाबाइतकाच हवेचा प्रवाहही लागतो. एअरवॉट हे माप या दोहोंच्या गुणाकारातून येते, त्यामुळे प्रवाह शून्य असेल तर गुणाकारही शून्यच राहतो. केवळ पास्कलचा आकडा दुप्पट आहे म्हणून यंत्र गालिचातून दुप्पट धूळ काढेल, असे मानायला काहीच आधार नाही. जाड गालिचावर मला आजही एकाच जागेवरून दोन-तीन वेळा ब्रश फिरवावा लागतो. अशा यंत्रांची कामगिरी मोजण्यासाठी आयईसी ६२८८५-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत त्याचा उल्लेख नव्हता, ‘अंतर्गत चाचणीनुसार’ एवढेच शब्द होते.

चाचणीच्या अटींना किती महत्त्व असते, याचे याच क्षेत्रातले एक उदाहरण आहे. युरोपीय संघाच्या ऊर्जा-लेबलसाठी व्हॅक्यूम क्लीनरची चाचणी रिकाम्या डब्यावर होत असे. डायसन कंपनीने (माझे यंत्र या कंपनीचे नाही आणि तक्त्यातली प्रतिस्पर्धीही ही नव्हे) त्याला आव्हान दिले आणि ८ नोव्हेंबर २०१८ रोजी तिथल्या जनरल कोर्टाने लेबलचा तो नियम रद्द ठरवला, कारण प्रत्यक्ष वापरात डब्यात धूळ असते. सरकारी लेबलाला ही कसोटी लागते, तर जाहिरातीतल्या तक्त्याला ती का लागू नये?

मी कंपनीला दोनच गोष्टी विचारल्या : दोन्ही यंत्रे कोणत्या वेगावर मोजली, आणि चाचणीचा अहवाल पाहायला मिळेल का. पहिल्या उत्तरात जाहिरातीतलाच मजकूर परत आला. पुन्हा लिहिल्यावर अहवाल ‘गोपनीय’ असल्याचे कळवण्यात आले. जी गोष्ट गोपनीय आहे तिच्या आधारे प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन जाहीर दावा करणे मला अप्रामाणिक वाटते. काही महिन्यांनी तो तक्ता जाहिरातीतून निघून गेला, पण त्यावर विसंबून खरेदी केलेल्यांना कंपनीने एका शब्दानेही काही कळवले नाही.

नाव घेऊन तुलना करण्याला माझा विरोध नाही. प्रामाणिक तुलनेने ग्राहकाचा फायदाच होतो. अडचण अशी आहे की अशा जाहिरातींवरचे बरेचसे वाद दोन कंपन्यांमध्येच लढले जातात आणि ज्याने पैसे मोजले तो त्यात पक्षकारच नसतो. या बाबतीत लिडल बेल्जियम विरुद्ध कोलरायट या खटल्यातील युरोपीय न्यायालयाचा १९ सप्टेंबर २००६ चा निकाल मला फार मोलाचा वाटतो. सुपरमार्केटमधील किमतींच्या तुलनेबद्दलच्या त्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की तुलनेचे घटक जाहिरातीत मांडलेले नसतील, तर ते कुठे आणि कसे सहज तपासता येतील हे जाहिरातदाराने जाहिरात पाहणाऱ्यांना सांगितले पाहिजे. ज्याच्याकडे तपासण्याचे कौशल्य नाही त्याला ते दुसऱ्याकडून तपासून घेता आले पाहिजे. म्हणजे पडताळणीचा हक्क प्रतिस्पर्ध्यापुरता उरत नाही, तो ग्राहकाचाही होतो. मी मागितले होते ते एवढेच.

ज्यांच्याकडे बहुतांश गुळगुळीत फरशी आहे त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. गालिचे जास्त असतील तर सर्वाधिक वेगावरचा बॅटरीचा वेळ आणि एअरवॉटचा आकडा कंपनीकडून आधी लेखी मागून घ्यावा. यंत्राला मी पाचपैकी चार तारे दिले असते. कंपनीने अहवाल दाखवायला नकार दिल्यामुळे दोन देत आहे, आणि तो अहवाल खुला झाला तर हे परीक्षण बदलण्याची माझी तयारी आहे.