डेझर्ट पी बियाणे किट: बी अस्सल, बाकीचं सामान तिच्या मुळावर उठणारं

स्टर्ट्स डेझर्ट पी हे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातलं फूल. साधारण ९ सेंमी लांब, लालभडक, मध्ये चकचकीत काळा फुगवटा. १९६१पासून ते साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचं पुष्पचिन्ह आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या या किटमध्ये १२ बिया, जाळीत गुंडाळलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ६ चकत्या, पारदर्शक झाकणाचा ट्रे, खताची पुडी आणि एकपानी माहितीपत्रक येतं. यातली फक्त बी वापरण्याजोगी आहे. माहितीपत्रकाप्रमाणे अक्षरशः वागलात तर झाड उगवणार नाही, आणि उगवलंच तर फार दिवस टिकणार नाही.

आधी बीबद्दल. मूत्रपिंडाच्या आकाराची, भरलेली, टणक, सुरकुती नाही. या कुळातली चांगली बी अशीच दिसते. पाकिटावर बी कोणत्या वर्षीची ते छापलेलं नाही. दुसऱ्या एखाद्या फुलझाडाच्या बाबतीत हा मोठा दोष ठरला असता, पण हिचं कवच इतकं घट्ट असतं की कोरड्या जागी ती वर्षानुवर्षं जिवंत राहते. त्याहून खटकतं ते हे, की बी लागवडीतली आहे की रानातून गोळा केलेली, याचा उल्लेख नाही. साउथ ऑस्ट्रेलियात या वनस्पतीला कायद्याचं संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय रानातून काही गोळा करता येत नाही. विक्रेत्याने हे स्पष्ट लिहायलाच हवं.

माहितीपत्रक सांगतं, "बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा." हीच पहिली मोठी चूक. कवचातून पाणी आतच शिरत नाही, त्यामुळे सकाळी बहुतेक बिया जशाच्या तशा दगडासारख्या सापडतात. वाळवंटात हे कवच ऊन, वाळूची घासण आणि वाहतं पाणी यांनी हळूहळू झिजतं. म्हणून एका पावसात थोड्याच बिया उगवतात आणि बाकीच्या मातीत राखीव राहतात. पहिल्या पावसानंतर कोरड पडून सगळी रोपं मेली तरी जात टिकते. कुंडीत ही झीज आपल्याला करावी लागते. बीची खोलगट बाजू, जिथे ती शेंगेला चिकटलेली असते, ती सोडून पाठीमागच्या बाजूला बारीक पॉलिश पेपरवर तीन-चारदा घासा. आतला फिकट रंग जेमतेम दिसला की थांबा, जास्त घासलं तर आतला अंकुर दुखावतो. मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी दुप्पट फुगलेल्या बियाच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा.

कोकोपीटच्या चकत्या आणि झाकण बाजूलाच ठेवा. या झाडाचं सोटमूळ पानांच्या आधी खाली धाव घेतं. चकतीच्या जाळीत ते अडकतं, वळतं, आणि नंतर मोठ्या कुंडीत हलवताना दुखावतं. ही दुखापत डेझर्ट पीला सहसा सोसत नाही. झाकणाखालच्या दमट हवेत बुरशी येऊन रोपं जमिनीलगत काळी पडतात आणि आडवी होतात. तेव्हा बी थेट कायमच्या जागीच पेरायची, ५ ते १० मिमी खोल. कुंडी किमान ४० सेंमी खोल हवी. रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची, म्हणून जाड पाइपचा उभा तुकडा उत्तम: मूळ खाली जातं आणि फांद्या कडेवरून लोंबतात. तीन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी आणि एक भाग माती घ्या. पाणी ओतल्यावर काही सेकंदांत खालून निथळलं पाहिजे. पाणी बुंध्याशी, सकाळी, पानं न भिजवता द्यायचं आणि वरची माती पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही. दिवसभर थेट ऊन हवं. दमट हवेत वारा खेळता नसेल तर करड्या, लवदार पानांत ओल धरून राहते आणि तीच झाडाला भोवते.

खताची पुडी नत्रप्रधान आहे, ती झाडाला घालू नका. हे वाटाण्याच्या कुळातलं झाड, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून नत्र मिळवतं. वरून नत्र दिलं की मऊ पालाच वाढतो.

वेष्टनावर निळं फूल छापलंय. असा रंग या जातीत नाही. पांढऱ्यापासून गुलाबी ते गडद लालपर्यंत छटा आढळतात, पण पाकिटातून लालच निघेल असं धरून चाला. "क्लायँथस फॉर्मोसस" हे छापलेलं नाव मात्र फसवणूक नाही, जुनं आहे. १९९०पासून ही जात स्वेन्सोना फॉर्मोसा म्हणून ओळखली जाते.

पेरल्यापासून साधारण चार महिन्यांत फुलं येतात. पुढे काय, याबद्दल माहितीपत्रक गप्प आहे, आणि इथेच लोक निराश होतात: झाड फुलतं, पण शेंग धरत नाही. हादग्याचं फूल जवळून पाहिलं असेल तर रचना पटकन कळेल. एक मोठी पाकळी वर उभी, दुसरी नावेसारखी खाली लोंबणारी. पुंकेसर आणि स्त्रीकेसर या नावेत बंद असतात. स्त्रीकेसराच्या टोकावर पातळ पापुद्रा असतो, तो घासून फाटल्याशिवाय पराग तिथे रुजत नाही. मूळ प्रदेशात मधासाठी आलेले हनीईटर पक्षी चोच घालताना हे काम करतात. कुंडीतल्या झाडाला ते आपणच करायचं. फूल पूर्ण उमललं की ही नावेसारखी पाकळी चिमटीत धरून हलकेच खाली दाबा, स्त्रीकेसराचं टोक बाहेर येईल. त्यावर लहान ब्रशने, थोडा दाब देऊन, पराग तीन-चार वेळा चोळा. नुसता स्पर्श पुरत नाही. त्याच फुलाचा पराग चालतो, दुसरं झाड लागत नाही.

शेंग धरली तर ती सुमारे ५ सेंमी वाढते. तपकिरी होऊन कुरकुरीत झाली की उकलण्याआधी तोडा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर बुरशी लागते. या बियाही किटमधल्या बियांसारख्याच टणक निघतील, तेव्हा पॉलिश पेपर जपून ठेवा.