आधी डेन्मार्कची भाऊबंदकी वाचावी की नॉर्वेची?

उत्तर युरोपातल्या मध्ययुगीन राजांची गादीसाठीची भांडणं वाचायची असतील, तर बहुतेकांची निवड दोन प्रकरणांत अडते. एक डेन्मार्कचं, ११४६ ते ११५७. दुसरं नॉर्वेचं, ११३० ते १२४०. अकरा वर्षं विरुद्ध एकशे दहा, असा सरळ हिशेब करून मी डेन्मार्क आधी घेतलं.

सुरुवातीला ते खूप आवडलंही. स्वेन, क्नूद आणि वाल्देमार हे एकाच घराण्यातले तीन दावेदार. ११५७ मध्ये तिघांनी राज्य वाटून घेतलं आणि त्याच ऑगस्टमध्ये रोस्किल्देच्या मेजवानीत स्वेनच्या माणसांनी तलवारी उपसल्या. क्नूद मेला. मांडीवर वार झालेला वाल्देमार अंधारातून निसटला आणि ऑक्टोबरात ग्राथेच्या माळावर स्वेन संपला.

मला खटकत राहिला तो स्वेन. ही हकिगत सविस्तर मिळते ती साक्सो या डॅनिश इतिहासकाराकडून, आणि त्याला लिहायला लावलं आब्सालोनने. आब्सालोन हा वाल्देमारचा बालमित्र. त्या रात्री तो तिथेच होता. वाल्देमार समजून मरणाऱ्या क्नूदला त्याने मांडीवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी स्वेन लोकांना आपला फाटका झगा दाखवून म्हणतो की घात माझाच होणार होता. साक्सो लगेच सांगतो, भोकं त्यानेच पाडली होती. असेलही. पण स्वेनच्या बाजूने लिहिलेलं काही माझ्या वाचनात आलं नाही, आणि हे मला शेवटपर्यंत टोचत राहिलं. पानोपानी वाटायचं, याच्या घरच्यांनी काय सांगितलं असतं?

नॉर्वेत नावांचा गोंधळ फार आहे, हे मान्य. माग्नुस, सिगुर्द, हाकोन पुन्हा पुन्हा येतात. मी वहीत वंशवेल काढूनच वाचलं. पण नावापुढे वडिलांचं नाव लावण्याची त्यांची रीत आपल्याला परकी नाही. तोतयाही आपण भाऊसाहेबांच्या नावाने पाहिलेला आहे, आणि वतनाच्या तंट्यातलं दिव्यही ठाऊक आहे. हाराल्द गिल्ले तापलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालून राजपुत्र ठरतो, तेव्हा मराठी वाचकाला वेगळी टीप लागत नाही. औरस-अनौरस सगळ्याच राजपुत्रांना हक्क होता, म्हणून भांडण मिटेना.

नॉर्वेच्या गादीचा पुढचा दावेदार स्वेर्रे, त्याची कथाही जेत्याचीच आहे. फॅरो बेटांवर पौरोहित्य शिकलेला हा माणूस स्वतः लेखकाच्या शेजारी बसून काय लिहायचं ते सांगत होता. तरीही त्यात शत्रूला आवाज आहे. राज्य वाटून घेऊ, असं स्वेर्रे सुचवतो, तेव्हा त्याचा शत्रू, राजा माग्नुस एर्लिंगसन, नकार देतो: मला राज्याभिषेक झालाय, मी शपथ घेतलीय, ती मोडणार नाही. ते वाचताना मी काही वेळ माग्नुसच्याच बाजूचा झालो होतो. रोस्किल्देच्या रात्रीबद्दल मला असं कधी वाटलं नाही.

वेळ अगदीच थोडा असेल तर डेन्मार्क घ्यायला हरकत नाही. एरवी, माझ्या मते, नॉर्वे घ्यावं, तेही ११३० पासून नव्हे. स्वेर्रे बंडखोरांचा पुढारी होतो त्या ११७७ पासून सुरुवात करा आणि १५ जून ११८४ ला फिमरैतेच्या लढाईत माग्नुस बुडतो तिथवर या. आधीची सत्तेचाळीस वर्षं नंतर, वही घेऊन.