एम१टीआर मिलिंगवर स्टेपर ड्राइव्ह : रोजच्या कामानंतरचं माझं मत

कोल्हापूरजवळच्या आमच्या वर्कशॉपमधली जुनी, हाताने चालणारी एम१टीआर मिलिंग मशीन गेल्या पावसाळ्याआधी सीएनसी (संगणकावर चालणारी) केली. एक्स आणि वायला ५ मिमी लीडचे (एका फेऱ्यात टेबल ५ मिमी सरकवणारे) बॉलस्क्रू, नेमा ३४ साइजच्या क्लोज्ड लूप (एन्कोडरने जागा तपासणाऱ्या) स्टेपर मोटरी, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरी, आणि त्यांना करंट देणारे ड्राइव्ह. क्विलला, म्हणजे कटर वर-खाली करणाऱ्या झेडला, नेमा २३ ही लहान मोटर आणि डीएम५४२ हा ड्राइव्ह. काम बहुतेक फौंड्रीच्या ॲल्युमिनियम पॅटर्नचं, अधूनमधून बिडाचं. तेव्हापासून मशीन रोज चालतंय. नवीन कुणी असं कन्व्हर्जन करायला घेतलं की ड्राइव्हबद्दल विचारतो, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

ड्राइव्ह घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, किती अँपिअरचा देऊ? अँपिअर मोटरच्या प्लेटवर लिहिलेलेच असतात, तिथे निवडायचं फार काही नसतं. खरी निवड व्होल्टची आहे. मोटरवर टॉर्क (फिरवायची ताकद) ८.५ न्यूटन मीटर लिहिलाय तो थांबलेल्या मोटरचा. रॅपिड, म्हणजे कापत नसतानाची वेगवान चाल, ३,००० मिमी प्रति मिनिट हवी असेल तर ५ मिमी लीडच्या स्क्रूला मिनिटाला ६०० फेरे मारावे लागतात. एका फेऱ्यात २०० स्टेप, म्हणजे एका पूर्ण स्टेपला मिळतो अर्धा मिलिसेकंद. माझ्या मोटरचा इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) ६ मिलिहेन्री आणि करंट ६ अँपिअर. ४८ व्होल्टवर एवढा करंट चढायलाच पाऊण मिलिसेकंद लागतो, आणि फिरणारी मोटर स्वतः तयार करते ते उलटे व्होल्ट (बॅक ईएमएफ) यात धरलेलेच नाहीत. करंट पुरता चढायच्या आत पुढची स्टेप येते आणि टॉर्क गळतो. ७० व्होल्टला तोच वेळ ०.५१ मिलिसेकंदावर येतो. गेकोड्राइव्ह या ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचे मॅरिस फ्रायमानिस यांचा ठोकताळा असा, की मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ३२ ने गुणायचं. माझ्या मोटरला ७८ व्होल्ट येतात. म्हणून ५० व्होल्टपर्यंतचा ड्राइव्ह नेमा ३४ ला लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्याच्यावर अँपिअर कितीही लिहिलेले असोत.

मग ७८ ऐवजी ७० का? कारण आपली लाइन. रात्री आजूबाजूचे कारखाने बंद झाले की आमच्याकडे मीटर २५० दाखवतो. ५० व्होल्ट सेकंडरीचा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर मिळून २३० ला साधारण ७० व्होल्ट डीसी देतात. २५० ला तेच ७६-७७ होतात. ८० व्होल्ट मर्यादेच्या ड्राइव्हला एवढी जागा सोडायलाच हवी. डीएम५४२ ची मर्यादा ५० व्होल्ट, तिथे ३६ चा ट्रान्सफॉर्मर कागदावर बसतो आणि रात्री ५० च्या पुढे जातो. तिथे ३० चाच घ्या, ४२ व्होल्ट मिळतात. एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा तयार पॉवर सप्लाय) मी मुद्दाम टाळला. जड टेबल ब्रेक होताना मोटर उलटी वीज पाठवते, ती मोठा कपॅसिटर मुकाट्याने पोटात घेतो. एसएमपीएस मात्र त्यावर ट्रिप होऊ शकतो. अजून एक, डीएम८६० या मोठ्या ड्राइव्हच्या नावाखाली नुसते डीसीवर चालणारे आणि थेट एसी घेणारे असे दोन्ही प्रकार येतात. लेबल वाचल्याशिवाय वायर जोडू नका.

क्लोज्ड लूप घेतल्याने ताकद वाढते असं सांगून विकतात. मोटर तीच, व्होल्ट तेच, मग ताकद कुठून वाढणार? फायदा वेगळाच आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. एकदा बिडाच्या जॉबमध्ये कटर अडकला, एक्सचा ड्राइव्ह एररवर गेला आणि अलार्मने मशीन जागच्या जागी उभं केलं. ओपन लूप (एन्कोडर नसलेला) असता तर स्टेप सोडून मशीन पुढे चालू राहिलं असतं आणि उरलेला जॉब सरकलेल्या जागी कापला गेला असता. मात्र त्यासाठी अलार्मची वायर इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीत घातलेली हवी. पुष्कळ पॅनेलमध्ये ती नुसती लोंबकळताना दिसते. करंट लोडप्रमाणे कमी-जास्त होतो, त्यामुळे दिवसभर चालूनही मोटरीवर हात ठेवता येतो, हाही एक आराम. एन्कोडर बघतो तो फक्त मोटरचा शाफ्ट. कपलिंग घसरलं किंवा स्क्रूला बॅकलॅश असला तर ड्राइव्हला पत्ता लागत नाही, त्याला डायल गेजच लावावा लागतो.

क्विलच्या डीएम५४२ ने सुरुवातीला चांगलंच छळलं. थ्रीडी फिनिशिंगमध्ये झेड सारखा वर-खाली होतो, आणि जॉब पुढे जाईल तशी खोली वाढत होती. डायल लावून नुसतं वर-खाली करायचा प्रोग्रॅम चालवला, तर दर १०० आवर्तनांना सुई तीस-एकतीस शतांश मिमी एकाच बाजूला सरकत होती. माझं सेटिंग फेऱ्याला १,६०० पल्सचं, म्हणजे ५ मिमी लीडवर एक पल्स ०.००३१२५ मिमी. हिशोब सरळ लागला, दर आवर्तनाला एक पल्स हरवत होता. ड्राइव्हला डिरेक्शनचा सिग्नल पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी लागतो. कंट्रोलर पल्सच्या उलट्या कडेवर दिशा बदलत होता. माक३ या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये स्टेप लो ॲक्टिव्हची खूण बदलली आणि सुई शून्यावर परत यायला लागली. ड्राइव्ह बदलायची गरजच नव्हती.

टीबी६६०० ड्राइव्हबद्दल नेहमी विचारतात. हा मूळचा तोशिबाचा चिप, पण त्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत टीबी६७एस१०९ हा लहान चिप असतो. छोट्या लाकूड राउटरला चालेल. मिलिंगला मधल्या स्पीडवर मोटर थरथरते तेव्हा डीएसपी (डिजिटल प्रोसेसर असलेल्या) ड्राइव्हचं डॅम्पिंग लागतंच.

एसी सर्वोचाही विचार झाला होता. ७५० वॉटचा सर्वो ३,००० आरपीएमला २.४ न्यूटन मीटर देतो, त्याला वेग कमी करून टॉर्क वाढवायला बेल्टचं रिडक्शन आलं आणि टेबलच्या टोकाला तेवढी जागा नाही. तुमच्या मशीनला जागा असेल तर जरूर बघा. टेबलटॉप मिलिंग असेल तर अडीच-तीन मिलिहेन्रीची नेमा २३, डीएम५४२ आणि ४२ व्होल्ट एवढ्यावर छान भागतं.

बिडाचं काम करणाऱ्यांनी पॅनेलकडे खास लक्ष द्यावं. बिडाची पूड वीज वाहते, आणि फॅन ती थेट ड्राइव्हच्या पिनांवर नेऊन टाकतो. माझे ड्राइव्ह बंद पॅनेलमध्ये उभे बसवलेत, हवा फिल्टरमधून येते, आणि फिल्टर दर शनिवारी झटकला जातो.