झटका मशीन आणि तीन एकर : सिमरोलजवळच्या शेतावरचा वर्षभराचा अनुभव

इंदूरहून खंडवा रस्त्याने जाताना सिमरोलच्या थोडे अलीकडे, रस्त्यापासून आत, आमची तीन एकर जमीन आहे. आम्ही राहतो राजेंद्रनगरात. शेतावर रखवालदाराचे कुटुंब असते आणि मी आठवड्यातून दोनदा फेरी मारतो. रब्बीत गहू, हरभरा आणि थोडा बटाटा, खरिपात सोयाबीन, बांधावर लिंबू आणि पेरू, एवढाच पसारा आहे. कुंपणाआधीच्या दोन हिवाळ्यांत हरभऱ्याचे कोवळे शेंडे नीलगाईंनी खुडून खाल्ले (माळव्यात त्यांना रोजडे म्हणतात) आणि बटाट्याच्या सऱ्या रानडुकरांनी उलथ्यापालथ्या केल्या. शेताचा घेर ४५० मीटर आहे आणि तेवढ्या जाळीच्या कुंपणाला ठेकेदाराने दीड लाखाच्या वर भाव सांगितला. तेव्हा दसरा झाल्यावर सियागंजातील एका दुकानातून सौरऊर्जेवर चालणारे झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारे यंत्र, आणले आणि रखवालदाराला सोबत घेऊन कुंपण स्वतःच उभारले. रब्बी, उन्हाळा आणि पावसाळा हे तिन्ही ऋतू त्या कुंपणाने पाहिल्यानंतरच हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते छापापेक्षा संचाच्या रचनेविषयी आहे.

संच ९,८०० रुपयांना पडला. त्यात मशीन, १० वॅटचे पॅनेल, पेटीतच बसवलेली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, तारेतला दाब घसरला की वाजणारा भोंगा, दोन फुटांची एक अर्थिंगची सळई आणि धोक्याची एक पिवळी पाटी होती. तार, खांब आणि इन्सुलेटर वेगळे घ्यावे लागतात. १४ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार किलोला साधारण ४० मीटर भरते. तीन पदरी कुंपणासाठी मला ३५ किलो लागली. चारही कोपऱ्यांवर आणि फाटकाशी लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये बसवले आणि मधले ९० खांब बांबूचे ठेवले. बांबूचा जमिनीत जाणारा भाग जळक्या ऑइलमध्ये बुडवून घेतला होता, तरी पावसाळा संपेपर्यंत अकरा खांब बुडाशी वाळवीने पोखरले. सगळा हिशेब जोडला तर पहिल्या वर्षाचा खर्च पंचवीस हजारांच्या आत राहिला.

मशीन काय करते हे समजून घेतल्याशिवाय त्याचे गुणदोष सांगता येणार नाहीत. ते बॅटरीच्या विजेचे दाब वाढवून आठ-दहा हजार व्होल्टचे ठोके बनवते आणि सेकंद-सव्वासेकंदाने एक ठोका तारेत सोडते. ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, म्हणून तो झोंबतो पण जीव घेत नाही, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात जनावराला मागे सरता येते. या यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात एका ठोक्याची ऊर्जा ५०० ओहमच्या भारावर ५ ज्यूलपेक्षा जास्त असू नये असे बंधन आहे. पेटीवर ज्यूलचा आकडाच छापलेला नसेल तर ती घेऊ नये. तारेतली वीज जनावराच्या अंगातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईमार्गे मशीनकडे परतते, तेव्हाच मंडल पूर्ण होते. म्हणजे कुंपणाची अर्धी तार ही प्रत्यक्षात आपली माती असते, आणि दुकानदार नेमके हेच सांगत नाही.

नोव्हेंबरमध्ये गव्हाला पाणी चालू असताना सगळे उत्तम चालले. तारेतला दाब मोजणारा टेस्टर सात हजार व्होल्टच्या वर आकडा दाखवत होता. पहिल्या आठवड्यात एका रोजड्याने नाकाने तार हुंगली आणि जागच्या जागी उसळी मारून तो चोरलच्या जंगलाच्या दिशेने पळाला, हे रखवालदाराने मला दोन वेळा करून दाखवले. नवी तार जनावरांना दिसत नाही, म्हणून आम्ही तिला जागोजागी पांढऱ्या चिंध्या बांधल्या होत्या. त्या हिवाळ्यात हरभरा पूर्ण हाती आला आणि बटाट्यालाही धक्का लागला नाही.

एप्रिलमध्ये गहू निघाला, काळी माती वाळून हातभर भेगा पडल्या आणि डुकरे पुन्हा आत येऊ लागली. टेस्टर मात्र अजूनही समाधानकारक आकडा दाखवत होता. एका सकाळी रखवालदार मशीनच्या ओट्याभोवतीचा कचरा काढत असताना त्यांचा हात अर्थिंगच्या सळईला लागला आणि तिथेच त्यांना झटका बसला. माळवीत ते म्हणाले त्याचा अर्थ असा, की तार मुकी झाली आहे आणि सळई बोलू लागली आहे. निदान अचूक होते. दोन फुटांची ती सळई कोरड्या, भेगाळलेल्या मातीत नुसती उभी होती. वीज परत घ्यायला तिच्याभोवती ओलावाच नव्हता. तारेला कोणी शिवलेले नसते तेव्हा टेस्टर भरपूर दाब दाखवतो, पण जनावराचा भार पडला की तो कोसळतो.

याची तपासणी सोपी आहे. मशीनपासून शंभर मीटर दूर जाऊन, मशीन बंद ठेवून, लोखंडी पहार जमिनीत रोवायची आणि तारेला टेकवून ठेवायची. मग मशीन चालू करून टेस्टरचे एक टोक अर्थिंगच्या सळईला आणि दुसरे शक्य तितक्या दूर मातीत लावायचे. आकडा तीनशे व्होल्टच्या आत आला पाहिजे. आमचा दोन हजारांच्या वर आला.

मग सहा फुटांचे तीन जीआय पाइप आणले आणि हातपंपाच्या सांडपाण्याच्या चरीलगत, एकमेकांपासून दहा फुटांवर ठोकले. दोन पाइप पाणी ओतत, पहारीने वाट करत खाली गेले. तिसऱ्याला चार फुटांवर मुरूम लागला, म्हणून तो तिरका घालावा लागला. तिन्ही एकाच जीआय तारेने क्लॅम्प लावून जोडले. इथे तांब्याची तार वापरण्याचा मोह टाळावा, कारण ओल्या जागी तांबे आणि जस्त एकत्र आले की सांधा लवकर गंजतो. शिवाय हे पाइप घराच्या विजेच्या अर्थिंगपासून दहा मीटर तरी दूर हवेत. इतके केल्यावर आकडा तीनशेच्या खाली आला. उताराच्या वरच्या अंगाला जमीन फारच कोरडी राहते, तिथे मधली तार आम्ही अर्थिंगला जोडून टाकली आणि वरची व खालची चालू ठेवली. दोन तारांमधून घुसू पाहणाऱ्या जनावराला मग मातीच्या मदतीशिवाय पूर्ण झटका बसतो. या सगळ्याला हजार-बाराशे रुपये आणि दोन रविवार लागले. दोन फुटांची सळई देऊन अर्थिंगसह पूर्ण संच म्हणून विकणे ही मला या खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत वाटली.

दुसरी उणीव पावसाळ्यात कळली. माहितीपत्रकात तीन दिवसांच्या बॅकअपचे आश्वासन छापलेले होते. ऑगस्टमध्ये चार दिवस आभाळ झाकलेले राहिले आणि तिसऱ्या रात्री मशीन बंद पडले. भोंगाही त्याच बॅटरीवर चालतो, त्यामुळे तार मेली आहे हे सांगायला कोणीच उरले नाही. सकाळी बघितले तर खालच्या अंगाच्या सोयाबीनच्या सहा ओळी रोजड्यांनी चरून टाकल्या होत्या.

नंतर मल्टीमीटर लावून मोजले. मशीन सरासरी पाव अँपिअर घेते, म्हणजे बारा तासांच्या रात्रीला तीन अँपिअर-तास लागतात. अशी बॅटरी निम्म्याखाली उतरू दिली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून ७ पैकी वापरता येतात साडेतीन; म्हणजे फक्त एक रात्र. १० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साडेचार तासांइतके पूर्ण काम करते असे धरले, तरी बॅटरीत जेमतेम साडेतीन-पावणेचार अँपिअर-तास परत येतात. लख्ख ऊन असेल तर जमाखर्च कसाबसा जुळतो, ढगाळ दिवशी जमेची बाजूच रिकामी राहते. चार्जिंगची मर्यादा ५ अँपिअर असल्याचे पत्रकात पाहून मी ४० वॅटचे पॅनेल आणि २६ अँपिअर-तासांची बॅटरी बसवली. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २३ अंशांच्या कलाने लावले आहे, कारण इंदूरचे अक्षांश २२.७ आहे. त्यानंतर मशीन एकदाही थांबलेले नाही. मूळ बॅटरी आता गोठ्यातल्या दिव्याला लावली आहे आणि तिथे ती गुणी निघाली.

पावसाळ्यातले खरे काम मात्र गवताचे असते. ओले पाते तारेला टेकले की प्रत्येक ठोक्याला थोडी वीज जमिनीत गळते. शंभर पाती टेकली की सात हजारांचे तीन हजार होतात आणि भोंगा अपरात्री केकाटू लागतो. पलीकडच्या शेतातील काकांनी दोनदा बोलावून घेऊन हे मला सौम्य शब्दांत सांगितले. तारेखाली दोन फुटांचा पट्टा दर दहा दिवसांनी विळ्याने साफ करणे याला पर्याय नाही. गळती शोधण्यासाठी जुना ट्रान्झिस्टर फार उपयोगी पडतो. मीडियम वेव्हवर मालवा हाऊसचा, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्राचा, आवाज येत नाही अशा जागी काटा ठेवून तारेलगत चालत जायचे. जिथे टक-टक एकदम मोठी होते तिथे गवत, फुटलेला इन्सुलेटर किंवा निसटलेली तार सापडते. अंधाऱ्या रात्री तिथे निळी ठिणगीही दिसते.

इन्सुलेटरच्या बाबतीत दुकानातले स्वस्त पांढरे प्लास्टिक मे महिन्याच्या उन्हातच तडकले. त्यांच्या जागी आम्ही ठिबकच्या १६ मिलिमीटर काळ्या नळीचे चार-चार इंचांचे तुकडे तारेत ओवून बांबूला बाइंडिंग वायरने बांधले. तुकडा याहून आखूड असेल तर पावसात टोकाकडून गळती होते, हे आधी दोन इंचांचे कापून आम्ही शिकलो. अडगळीतल्या नळीचे हे तुकडे फुकटात झाले आणि विकतच्यापेक्षा जास्त टिकले.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. डुकरांसाठी खालची तार नऊ इंचांवर होती. जुलैत एका सकाळी तिच्यावर पोटावर पडलेला एक बेडूक मेलेला दिसला. मोठे जनावर मागे सरते, पण लहान जीव तारेवरच आखडतो आणि ठोके खात राहतो. तेव्हापासून खालची तार बारा इंचांवर घेतली आहे. डुकरे अजून तरी त्याचा फायदा घेऊ शकलेली नाहीत.

सुरक्षिततेविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण आमच्याच भागात लोक घरची २३० व्होल्टची लाइन सरळ तारेत सोडण्याच्या गोष्टी सहज बोलतात. ती वीज अखंड वाहते, स्नायू आखडून धरते आणि माणूस असो की जनावर, त्याला सोडत नाही. हा गुन्हा आहे आणि नीलगाय तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी आहे. झटका मशीनही काटेरी तारेला कधी जोडू नये, कारण काट्यात अडकलेल्याला मागे सरता येत नाही. एका कुंपणाला दोन मशीन लावू नयेत, पायवाटेच्या बाजूला पाट्या ठळक असाव्यात, आणि विजा चमकू लागल्या की तारेची जोडणी काढून ठेवावी.

मशीनचा मूळ भाग, म्हणजे ठोके देणारे कार्ड, वर्षभरात एकदाही बिघडले नाही आणि पेटीत पाणी शिरले नाही, याचे श्रेय बनवणाऱ्याला द्यायलाच हवे. पाचपैकी मशीनला चार आणि संचाला दोन गुण देईन. शेतावर रोज कोणीतरी असेल आणि तारेबाजूने चालत जाण्याची त्याची तयारी असेल तर हे कुंपण जाळीच्या पावपट खर्चातही उरते. फक्त रविवारी सहलीला जाणाऱ्यांनी जाळीच घ्यावी. दुकानात गेल्यावर जोडसंच मागू नये. मशीन सुटे घ्यावे, ४० वॅटचे पॅनेल आणि २६ अँपिअर-तासांची बॅटरी वेगळी घ्यावी, आणि सहा फुटांचे तीन पाइप त्याच फेरीत उचलावेत.