आईच्या त्वचेच्या कॅन्सरचे उपचार आणि महात्मा फुले योजना: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेतून, आईचं त्वचेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आता सात-आठ महिने होत आलेत, चेकअप चालू आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही वर्धा जिल्ह्यातले. आम्हाला गरज होती तेव्हा कुठे जायचं, कोणते कागद लागतात आणि खिशातून नक्की किती जाणार हे एका जागी कुठेच मिळालं नव्हतं.

आईची जखम कमरेवर होती, परकराची नाडी बांधतात बरोब्बर तिथे. तिथली कातडी कित्येक वर्षांपासून काळी पडलेली, खाजायची, मग एक चीर पडली ती काही केल्या भरेना. नाडी रोज तिथेच करकचून बांधायची, वर शेतातला घाम, परत तेच घासणं. गावातल्या दवाखान्यात गजकर्ण म्हणून ट्यूब दिली, तालुक्याला दुसरी दिली, त्यातल्या एकीत स्टिरॉइड होतं हे नंतर स्किनच्या डॉक्टरांनी खोका वाचून सांगितलं. दर वेळी फी आणि औषध मिळून तीनचारशे, असे महिनोन्‌महिने गेले, आणि एकानेही तुकडा काढून तपासू असं म्हटलं नाही. याचा मला आजही राग येतो. तोवर जखमेच्या कडा टणक होऊन वर आल्या होत्या, वास यायचा, टॉवेल लागला तरी रक्त.

वर्ध्याच्या स्किन स्पेशालिस्टनी बघितल्या बघितल्या बायोप्सी सांगितली. जागा बधिर करून कडेचा तुकडा घेतला, कारण फक्त मधला घेतला तर नुसता सडका भाग येऊ शकतो म्हणे. बायोप्सी आणि रिपोर्ट धरून तीन हजारांच्या आत झालं. रिपोर्ट आला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचाच एक प्रकार. डॉक्टर म्हणाले, हे नवीन नाही, 1945 मध्येच मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय, आणि 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या दोन बायकांच्या अशाच केसेस ब्रिटिश जर्नलमध्ये छापल्यात, त्यातल्या एकीच्या जांघेतल्या गाठींपर्यंत तो पोचला होता. हे ऐकून माझे हातपाय गार पडले, कारण आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या कमरेला तो काळा पट्टा आहे.

आता पैशाचं. नागपूरच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलने ऑपरेशन आणि ग्राफ्ट (दुसरीकडची कातडी काढून लावणं) मिळून दीड लाखाच्या आसपास सांगितले. आईचा मेडिक्लेम नाही, आणि कॅन्सर निघाल्यावर काढून उपयोगही नसतो, आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड असतो. मग योजनेकडे वळलो. पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशन कार्डवाल्यांना आणि दीड लाखापर्यंत होती, 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाख आणि पांढरं कार्डही चालतं. पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं, आणि नुसतं यादीत असून भागत नाही, तुमचा आजार ज्या विभागात बसतो तो विभाग तिथे योजनेत आहे का ते विचारा. आम्ही योजनेच्या हेल्पलाइनला 155388 वर फोन करून हे आधीच विचारलं आणि एक चक्कर वाचली.

हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, काउंटर असतो, ॲडमिट व्हायच्या आधी तिथे जायचं. रेशन कार्ड, आधार, बायोप्सी रिपोर्ट, जखमेचा फोटो. आईचं नाव रेशन कार्डवर एक आणि आधारवर वेगळं स्पेलिंग, त्यात दोन-तीन दिवस गेले, तेव्हा हे घरीच बघून घ्या. मग हॉस्पिटल मंजुरीसाठी पाठवतं, मंजुरी आली की तारीख.

ऑपरेशन चांगलं झालं, सर्जनबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. जखमेच्या भोवतीची चांगली कातडीही काढली, मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली. आईला कमरेपेक्षा मांडीच जास्त दुखायची, हे आधी सांगितलेलं असतं तर ती एवढी घाबरली नसती. जांघेत एक गाठ लागत होती, सुईने तपासली, त्यात कॅन्सर नव्हता. मार्जिन क्लियर आले, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नव्हता, त्यामुळे रेडिएशन लागलं नाही. पोटात गोळा घेऊन बसलो होतो त्या रिपोर्टसाठी.

एक वाईट अनुभव. ॲडमिट असताना एकाने हळूच सांगितलं की ड्रेसिंगचं सामान बाहेरच्या मेडिकलमधून आणा, साडेतीन हजारांचं. योजनेत ते पॅकेजमध्येच असतं. मी बिल जपून ठेवलं, आरोग्यमित्राला दाखवलं, हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि थोड्या दिवसांनी पैसे परत मिळाले. म्हणून बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

योजनेत काय येत नाही तेही सांगते. आमची बायोप्सी आणि त्याआधीचे सगळे दवाखाने खिशातून गेले. डिस्चार्जनंतरचं ठरावीक दिवसांचंच बघतात, आईच्या मांडीची जखम भरायला त्याहून जास्त वेळ लागला, ते ड्रेसिंग, एसटी, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, सगळं मिळून पंधरा-सोळा हजार गेले. दीड लाखाच्या मानाने खूप वाचले, पण हातात तेवढे असू द्या.

आता दर तीन महिन्यांनी चेकअप, डॉक्टर ग्राफ्ट बघतात आणि जांघ चाचपतात. आई घरी गाऊन घालते, बाहेर जाताना रुंद पट्ट्याचा सैल परकर, आणि नाडीची जागा रोज थोडी वरखाली करते. शेजारच्या काकूंना मी स्वतः स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांचं नुसतंच काळं पडलेलं निघालं, तरी फोटो काढून ठेवायला सांगितलाय.

आणि हो, बायोप्सीच्या लॅबकडून कागदाच्या रिपोर्टसोबत स्लाइड (तुकड्याचा काचेवरचा नमुना) आणि ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. सेवाग्राम, नागपूरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा मुंबईचं टाटा, कुठेही दुसरं मत घ्यायचं म्हटलं तरी ते मागू शकतात, आणि नसले तर पुन्हा तुकडा काढायची वेळ येऊ शकते.